पेन्शन येथेच

आमच्या घरातले संगणक-खाते चिरंजीवांकडे आहे. तरीही परवा, ते क्लासला गेले आहेत असे पाहून, मराठी विकिपीडियावरील आमच्या गावाच्या पानात चार ओळींची भर घालण्याचा पराक्रम अस्मादिकांनी केला. शब्दाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन चौकोनी कंस घातले की त्याचा निळा दुवा होतो, एवढी विद्या मजपाशी होती. गावाचा अभिमान दांडगा. जिथे जिथे गावाचे नाव आले तिथे तिथे कंस ठोकले. जतन करून पाहतो तो काय, निळे व्हायचे सोडून नाव काळे ठळक झालेले! टिचकी मारावी तर ढिम्म.

"बाबा, गावाच्या पानावरून गावालाच दुवा दिलात," चिरंजीव आल्या आल्या म्हणाले. "तिथेच उभे आहात, तर जाणार कुठे?"

म्हणजे ही चूक नव्हे, सोय. पानांच्या तळाशी शहरांच्या नावांचा साचा असतो. सगळीकडे साचा तोच. पण पुण्याच्या पानावर पुणे ठळक होते, नागपूरच्या पानावर नागपूर. नकाशावर 'आपण येथे आहात' असा ठिपका असतो ना, तसे. त्याच पानातल्या एखाद्या विभागाचा दुवा दिला तर मात्र तो चालतो. घर तेच, खोली वेगळी.

"पण याला चकवता येतं," चिरंजीव म्हणाले. इंग्रजी विकिपीडियावर 'बॉम्बे' हे नाव 'मुंबई'च्या पानाकडे वळवलेले आहे. मुंबईच्या पानात 'बॉम्बे'ला दुवा दिला, तर तो निळाच राहतो. दाबायचा, आणि वळसा घालून पुन्हा मुंबईतच! कारण यंत्र कंसातले नाव तेवढे ताडून बघते. ते नाव शेवटी कुठे पोहोचते हे बघत नाही.

चिरंजीव हसले. मला हसू येईना.

गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी होती. एक आजोबा काठी टेकत माझ्या खिडकीशी आले. मी मान वर न करता सांगितले, "पेन्शन विभागात जा." ते चौकशीकडे गेले, तिथून जिना चढून साहेबांकडे गेले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा माझ्यापुढे उभे.

"साहेब, वर म्हणतात, पेन्शन विभाग म्हणजे तुम्हीच."

खरेच होते. पेन्शनवाले सहकारी आठ दिवसांपूर्वी बदलून गेले होते आणि ते काम माझ्याकडे आले होते. मी नाव ऐकले आणि बोट दाखवले. उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, 'चुकलो' म्हणालो. आजोबा धापा टाकत म्हणाले, "हयात आहे, लिहा. आणखी एक जिना असता, तर मात्र खात्री दिली नसती."

चिरंजीवांचा धडा ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी मी एका पुठ्ठ्यावर 'पेन्शन येथेच' असे लिहून खिडकीला टांगले. खिशात निळे पेन होते. पण शिपायाकडून मुद्दाम काळा जाड मार्कर मागून घेतला.