दुसरी गोळी

चांदमारी हा शब्द ज्याने प्रथम घडविला त्याच्या ठायी थोडेसे कवित्व खचित असले पाहिजे. लक्ष्यफलकावरील वाटोळ्या खुणेला चांद म्हणावे आणि तिच्यावर नेम धरून गोळी झाडण्याला चांदमारी, ही कल्पना एखाद्या रुक्ष कवायत-मास्तराच्या डोक्यातून निघाली असेल असे वाटत नाही. परंतु शब्द जितका रम्य तितकी ती जागा अरम्य असते. अमरावतीबाहेर, पोहऱ्याच्या टेकड्यांच्या बाजूस, जी चांदमारी मी पाहिली ती म्हणजे मातीचा एक उंच बांध, त्याच्यापुढे काही लाकडी चौकटी आणि पंचवीस मीटर अलीकडे पत्र्याचे एक छप्पर. कवित्व असेल तर ते एवढेच, की बांधावर कुसळीचे गवत वाऱ्याने डुलत होते आणि त्यात एक टिटवी निर्धास्त फिरत होती.

मला तेथे नेले ते माझ्या भाचीने. ती अकोल्याची, महाविद्यालयात शिकते आणि पिस्तूल-नेमबाजीच्या स्पर्धांत भाग घेते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जकार्ता-पालेम्बांग येथील आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, तेव्हापासून हे वेड तिच्या डोक्यात शिरले. परवान्याचे सगळे सोपस्कार पार पडून तिचे नवे अर्धस्वयंचलित पिस्तूल नुकतेच हाती आले होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा, १९१४ साली स्थापन झालेल्या आणि १९३६ साली बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आलेल्या त्या संस्थेचा, अभिमान बाळगणाऱ्या पिढीतला मी. मला लाठी समजते, मल्लखांब समजतो. बंदूक ही आमच्या लेखी साहेबाची, शिकाऱ्याची किंवा पोलिसाची वस्तू. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने आमच्या आजोबा-पणजोबांच्या हातांत जी पोकळी निर्माण केली, तीत तालमीची लाठी येऊन बसली, असे मला नेहमी वाटत आले आहे. म्हणून मुलीने "मामा, पाच गोळ्या तुम्हीही मारून पाहा" म्हटले तेव्हा कुतूहल आणि संकोच दोन्ही सारखेच दाटून आले.

पिस्तुलाची मूठ लाकडी होती आणि तिच्या पंजाच्या मापाने कोरलेली. माझ्या हाताला ती दुसऱ्याच्या पायताणात पाय घालावा तशी परकी वाटली. ह्या पिस्तुलाचे वजन चौदाशे ग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि चाप ओढावयास किमान एक किलोचा भार लागावा, असा स्पर्धेचा नियम आहे. पंच चापाला वजन टांगून ते तपासतात. अकोल्याच्या बाजारात किलोभर तूरडाळीची पुडी एका बोटावर तोलून पाहिली, म्हणजे हा भार किती ते कळेल.

"मामा, चांदाकडे पाहू नका," ती म्हणाली, "नळीच्या टोकाची खूण स्वच्छ दिसली पाहिजे. चांद अंधुक दिसला तरी चालेल. अन् घाई नोका करू." घाईची गोष्ट आली की तिची वऱ्हाडी अशी वर येते. द्रोणाचार्यांनी अर्जुनाची परीक्षा घेतली तेव्हा त्याला पक्ष्याच्या डोळ्याखेरीज काही दिसत नव्हते. येथे नेमका उलट उपदेश! डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव पाहू शकतो आणि हातातल्या खुणेत केसाएवढा फरक पडला तर पंचवीस मीटरवर तो बोटाएवढा होतो, म्हणून हा उपदेश. लक्ष्यापेक्षा स्वतःचा हात अधिक बारकाईने पाहावयाचा, ही गोष्ट मला तरी नवी होती.

चाप ओढला. कानांवर जाड टोपणे असल्यामुळे आवाज दबका आला; मनगटाला हलकासा हिसका बसला. एवढे सारे अपेक्षितच होते. चकित झालो तो पुढच्या क्षणी. उजवीकडे पितळेचे रिकामे टोपण टणकन् उडून पडले आणि पिस्तूल पुन्हा सज्ज झालेले होते. मी काहीही केले नव्हते. दारूच्या ज्या वायूने गोळी पुढे ढकलली त्यानेच रिकामे टोपण मागे रेटले, टोपणाने मागचा जड ठोकळा मागे सारला, आणि स्प्रिंगने तो ठोकळा परत आणताना खालून नवे काडतूस नळीत बसविले. पहिली गोळी माझी होती. तिच्यासाठी मी ठोकळा ओढला, श्वास रोखला, मनाची तयारी केली. दुसरी मात्र मी मागण्यापूर्वीच माझ्या पुढ्यात वाढून ठेवलेली होती.

आमच्याच अकोला जिल्ह्यात, अडगावच्या मैदानात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्ली आणि भोसले-शिंद्यांच्या फौजा भिडल्या, तेव्हा पायदळाच्या शिपायाला दारू ओतावी, गोळी घालावी, गजाने ठासावी आणि मग बार काढावा लागे. मिनिटाला दोन-तीन बार म्हणजे उत्तम कवायत. दोन बारांमध्ये माणूस काही काळ केवळ मजूर असे. त्या मजुरीत दया सुचत असेल असे मी म्हणत नाही, पण विचाराला फट तरी होती. ती फट १८९० नंतरच्या दशकात ह्या यंत्राने बुजविली. गंमत अशी, की आजची बिनधुराची दारू ज्या द्रव्याची होते ते प्रथम कापसावर नत्राम्लाची क्रिया करून तयार झाले. म्हणजे आम्ही वऱ्हाडी लोक ह्या व्यवहारात अगदीच परके नव्हे.

आणि मराठी माणसाने हे यंत्र हातात घ्यावे व त्याला इतिहास आठवू नये हे शक्य नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडले ते ब्राउनिंग पिस्तूल ह्याच जातीचे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर ज्यातून तीन गोळ्या सुटल्या ते बेरेटाही ह्याच जातीचे, आणि ते धरणारा हात मराठी होता. बडनेऱ्याहून वर्धा-सेवाग्राम काही फार दूर नाही. एका घटनेविषयी आपल्या मनात आदर आहे, दुसरीविषयी लज्जा. यंत्राने मात्र दोन्ही वेळी सारख्याच तत्परतेने पुढचे काडतूस बसविले. माझ्या उरलेल्या चार गोळ्या मी सावकाश मारल्या. प्रत्येकीनंतर पिस्तूल खाली घेऊन थांबलो. बोटाला मात्र थांबावेसे वाटत नव्हते, हे नमूद केले पाहिजे.

त्यानंतर मुलीने आपला सराव केला, आणि त्यात जे पाहिले ते मला सर्वांत अर्थपूर्ण वाटले. तिच्या स्पर्धेचा दुसरा टप्पा 'शीघ्र' म्हणविला जातो. त्यात हात पंचेचाळीस अंशांवर खाली धरून उभे राहावयाचे. हिरवा दिवा तीन सेकंद लागतो; तेवढ्यात हात उचलून एकच गोळी मारावयाची. मग सात सेकंद तांबडा दिवा. पाच गोळ्यांत असे पाच वेळा. जे यंत्र पापणी लवते न लवते तोच पुन्हा सज्ज होते, त्याला खेळाच्या नियमाने सात सेकंद ताटकळत ठेवले आहे! त्या सात सेकंदांत मी तिच्या गोळ्यांकडे पाहिले नाही, तिच्या खांद्याकडे पाहिले. तो हळूच खाली येई, सैल होई, आणि तिच्या चेहऱ्यावर धुणे वाळत घालणाऱ्या बाईइतकी शांतता असे.

पुढच्या आठवड्यात अकोल्यास गेलो तेव्हा ताई स्वयंपाकघरात परातीत डाळ निवडीत होती. आतल्या खोलीतून मधून मधून बारीक 'टक्' असा आवाज येई. मुलगी कोऱ्या भिंतीसमोर रिकामे पिस्तूल धरून उभी होती. काडतूस नाही, लक्ष्य नाही. काडतुसाविना मारलेल्या गोळ्या काडतुसाच्या गोळ्यांहून किती तरी अधिक असतात, असे तिने सांगितले. ताईने खडा वेचून बाजूला टाकला आणि विचारले, "चहा ठेवू ना?" आतून उत्तर यावयास थोडा वेळ लागला. मग एक 'टक्' झाले, आणि पाठोपाठ "ठेव."