खुडूक

परीक्षेचा अर्ज भरायला आठ दिवस राहिले आणि नेमकी तेव्हाच आमची तांबडी खुडूक झाली. देवळाली प्रवरेत उसाच्या कडेला आमचे घर. परसात पाच कोंबड्या. पैकी भरवशाने अंडी देणारी हीच. गावरान अंडे पंधरा रुपयांना जाते. माझी फी त्या अंड्यांवरच जमत होती!

खुराड्यात एकही अंडे नव्हते, तरी बाईसाहेब बसलेल्याच. हात नेला की पिसे फुलवून टोचायच्या. डालग्याखाली कोंडले, तर सुटताच पुन्हा तिथेच. शेवटी कुणीतरी सांगितलेला उपाय केला. बादलीभर गार पाण्यात तिला पोटापर्यंत धरली. एकदा, दोनदा. तिसऱ्या खेपेला माझी बोटे तिच्या पोटाला लागली. तिथली पिसे झडली होती आणि कातडी तापलेली होती, तापातल्या माणसासारखी. मी तिला खाली ठेवली.

आईने पाहिले होते. "आरं, कशाला छळतो तिला? खुडूक कोंबडी कुणाला मागून मिळत न्हाई!"

ती तशीच शेजारच्या मावशींकडे गेली. मावशींच्या संकरित कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण बसत नाहीत. (पांढऱ्या लेगहॉर्नची तर बसण्याची ओढच माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घालवली. ही ओढ लावणाऱ्या संप्रेरकाला प्रोलॅक्टिन म्हणतात, हे मी मागाहून वाचले. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, पण आमच्या परसाची कुलगुरू आईच!) सौदा ठरला : अंडी मावशींची, ऊब आमची, पिले अर्धलीने.

पाटीत राख, वर भुसा, त्यावर अकरा अंडी. यंत्राला साडेसदतीस अंश उष्णता राखावी लागते, अंडी फिरवावी लागतात. तांबडी ते चोचीने आणि पोटाने करीत होती. दिवसातून एकदा उठे, घाईने दाणे टिपी, पाणी पिई, की परत. मी रात्री उसातल्या मुंगसाच्या भीतीने पाटीजवळ खाट टाकली आणि कंदिलाऐवजी मोबाईलच्या उजेडात अर्थशास्त्र वाचले. सातव्या दिवशी त्याच उजेडासमोर अंडी धरून पाहिली; एक निकामी निघाले.

फीचे? आईने कोंबडा विकला. मला न विचारता, बाजाराच्या दिवशी. पुढे कित्येक दिवस पहाट झाली तरी मला जाग येत नसे.

एकविसाव्या दिवशी कवचे तडकली. नऊ पिले! एक अंडे तसेच राहिले. आता अर्धलीने नवाचे दोन वाटे कसे करायचे? मावशी म्हणतात, मोठी होईपर्यंत थांबू, घार एखादे नेईलच. आईला हे बोलणे मुळीच आवडले नाही.

तांबडी पिले घेऊन अंगणभर हिंडते. आई जवळ गेली तर काही करत नाही. मी दाणे टाकायला वाकलो, की मात्र मान ताठ करून धावून येते.