शेवटचा फर्मा

शिवकालावरच्या कादंबऱ्यांत घोडी उदंड दौडतात. पागा, शिलेदार, बारगीर, रात्रीचे छापे. गलबत मात्र क्वचितच भेटतं. २५ नोव्हेंबर १६६४ला ज्याचा मुहूर्त झाला तो सिंधुदुर्ग रोज डोळ्यांसमोर असलेल्या माझ्यासारख्या मालवणकराला ही उणीव लहानपणापासून टोचायची. म्हणून नाथमाधवांच्या ‘सावळ्या तांडेल’ या आरमारावरच्या कादंबरीची जुनी प्रत शोधायला लागलो. तांडेल म्हणजे होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. आमच्या दांडीच्या किनाऱ्यावर हा शब्द आजही रोजच्या बोलण्यातला आहे.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८). शिकारीला गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या या माणसानं आरमारावर लिहिलं. मला त्यांच्याविषयी फार माया वाटते.

शोधाची सुरुवात मी नेहमी शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पासून करतो. नोंद सापडली की मग वाचनालयांच्या दाखल नोंदवह्या. तिथं नावावर तांबडी रेघ आणि पुढे ‘बाद’ असं दिसलं की पोटात कालवतं, पण आशा सुटत नाही. बाद झालेलं पुस्तक बहुधा कुणाच्या तरी घरी जातं. आमच्याकडे घर म्हणजे माळा, आणि माळा म्हणजे खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, कसर, वाळवी. एका घरी विचारलं तर तिथल्या काकी म्हणाल्या, “माळ्यार आसा रे बाबा. काय उरला आसात तां बघ.”

पुस्तक ट्रंकेत सुकलेल्या वेखंडाच्या तुकड्यांखाली होतं. मुखपृष्ठ नाही, नावाचं पान नाही. अशा वेळी मी पानांचे तळ बघतो. सोळा-सोळा पानांचा एकेक फर्मा, त्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा. आकडे सलग असले की पुस्तक शाबूत. इथं सगळे होते, फक्त शेवटचा फर्मा गळालेला. काकी लहान असतानाही तो नव्हता. शेवट काय झाला ते त्यांनी कधी वाचलंच नव्हतं.

दुसरी प्रत सापडायला तीन वर्षं गेली. समुद्रापासून खूप लांब, घाटावरच्या कोरड्या गावात. कागद पिवळा, पण टाके घट्ट. मालकांनी शेवटच्या पानांची झेरॉक्स काढू दिली.

काकींनी पानं हातात घेतली, चष्मा शोधला, मग चष्मा नको म्हणाल्या. ट्रंकेतली प्रत मी मागितली नाही. पुस्तकाला जाड दोऱ्यानं नवी पानं शिवत बसलो, आणि त्या म्हणाल्या, “शिवता शिवता मोठ्यान वाच मरे.”