दादांच्या दोन तारा

आमच्या इंदूरच्या घरी हवाईयन गिटार आली ती १९६८ साली, माझ्या पहिल्या तीन पगारांतून. वाजवीत मात्र दादाच. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात पोलादी बार. गणेशोत्सवात त्यांचे वादन ऐकावयास सारी गल्ली लोटत असे.

या वाद्याच्या सहा तारा सा-ग-प अशा मेळात लावलेल्या असत. बार सरळ ठेवला की कॉर्ड आयती मिळे; पण मधल्या स्वरासाठी बार हलवावा, तर सारी कॉर्डच घसरे. दादांनी त्यावर उपाय शोधला. खुंट्यांच्या भागात दोन भोके पाडून आणखी दोन तारा बसवावयाच्या : एक रिषभाची, एक निषादाची. मी साफ नकार दिला. "गिटार माझ्या पैशांची आहे," असेही बोलून गेलो. त्यानंतर दादांनी तिला कधी हात लावला नाही. २००९ साली ते गेले.

२०२३ साली मुलीकडे अमेरिकेत गेलो असता तिच्या शेजारच्या एका वृद्ध वादकाकडे मी पेडल स्टील गिटार प्रथमच जवळून पाहिली. हवाईयन गिटारीचीच ही लेक. पण टेबलासारखी चार पायांवर उभी. दहा तारा, खाली तीन पेडल आणि गुडघ्यांनी ढकलावयाचे लिव्हर. तिचा रूढ मेळ ई-नाइन. ई हा सा मानला तर पहिले पेडल पंचमाच्या तारांना धैवतावर चढविते आणि दुसरे गंधाराला शुद्ध मध्यमावर. दोन्ही दाबली की बार जागेवरच आणि सा-ग-पचे सा-म-ध झालेले! केवळ पहिलेच दाबले तर सा-ग-ध, म्हणजे मायनर कॉर्ड. वेब पिअर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबून स्वर वळविला, आणि मग जो तो पेडल बसवू लागला.

दहा तारांनीही सर्वांचे समाधान होत नाही. काहीजण खर्जाच्या तारा जोडून बारा करतात. सा खाली निषादावर आणणारा लिव्हर धरून ठेवला की त्याच बारा तारांतून बी-सिक्स हा दुसरा मेळ उभा राहतो. शेजारचे आजोबा याच पंथाचे. दोन मानांचे अवजड वाद्य उचलून पाठ मोडली, म्हणाले. पेडलांची मांडणीही प्रत्येकाची थोडीफार निराळी; दुसऱ्याच्या वाद्यावर बसणे म्हणजे परक्या स्वयंपाकघरात मीठ शोधणे.

आपल्याकडे ब्रिजभूषण काबरांनी आणि पुढे विश्वमोहन भट्टांनी याच गिटारीला तारा वाढविल्या, त्या षड्ज भरून राहावा आणि तरफा झंकाराव्यात म्हणून. तिकडे वाढल्या त्या कॉर्ड बदलता यावी म्हणून. दादा कोठे बसले असते? रागदारी त्यांना प्रिय, पण जीव चित्रपटगीतांतील कॉर्डांवर. मला वाटते, ते त्या पेडलांपाशीच बसले असते.

एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. सर्वांत उंच स्वराची तार पहिली नसून तिसरी होती. विचारले तेव्हा आजोबांनी सांगितले, की पहिल्या दोन तारा मुळात नव्हत्याच. बडी एमन्स या थोर वादकाने त्या साठीच्या दशकात जोडल्या, मधले स्वर बार न हलविता मिळावेत म्हणून. एफ शार्प आणि डी शार्प. मी बोटांवर हिशेब केला. रे आणि नि.

त्या रात्री मी वहिनींना फोन केला. सगळे सांगितले, पगाराचे ते बोलणेही. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे त्यांना सांगायला हवं होतं."

परत आल्यावर पेटी उघडली. तारांना गंज चढला होता. नव्या आणून लावल्या. सहाच.