चार तारांच्या सहा तारा

वाद्य कपाटात ठेवले म्हणजे ते सुरक्षित राहते, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक न वाजणारे वाद्य हे न उघडलेल्या ग्रंथासारखेच होय. ते झिजत नाही खरे, परंतु कोणाच्या उपयोगीही पडत नाही. आपल्या शाळेच्या संगीतवर्गातील एका बास गिटारची हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी असे आम्हांस वाटते. कारण तीत थोडे पदार्थविज्ञान आहे, थोडे सुतारकाम आहे, आणि त्याहून अधिकही काही आहे.

हे वाद्य एका माजी विद्यार्थ्याच्या मातोश्रींनी शाळेस दिले. तो विद्यार्थी आज हयात नाही. वाद्य स्वाधीन करताना त्या इतकेच म्हणाल्या, “सर, हे मुलांनी वाजवावे.” परंतु चार तारांचा बास हा स्वभावतः सोबतीचा गडी. वृंदात तो घराच्या पायासारखा काम करतो; एकट्या गाणाऱ्यास त्याचा आधार पुरत नाही. आमच्या वर्गात वृंद नव्हता. त्यामुळे तो भिंतीशी उभा राहिला आणि तारांवर गंज चढला.

त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटू लागला, की ती मागच्या रांगेत जातात व नुसते ओठ हलवितात. त्यांना गिटारवर बोटांच्या पाच-सहा ठेवणी येतात. परंतु त्या ठेवणींतून निघणारी पट्टी त्यांच्या नव्या आवाजास उंच पडते. एकदा गप्प झालेला मुलगा पुढे क्वचितच गातो, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. याच ठेवणी ठेवून सूर खाली नेता आला तर? तेथेच त्या मुक्या बासची आठवण झाली.

गिटार आणि बास यांच्या मधली वाद्ये नवी नाहीत. अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो या कारखान्याने १९५६ साली सहा तारांचा बास काढला व फेंडरने १९६१ साली. ती वाद्ये गिटारच्या एक सप्तक खाली लावतात. बॅरिटोन गिटार बहुधा तितकी खाली जात नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर गिटारचा षड्ज जेथे असेल, त्याच्या खालच्या मंद्र पंचमावर तिचा षड्ज येतो. फुटलेल्या आवाजास नेमके हेच हवे होते.

आता विज्ञान पाहा. तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि वजन यांवर अवलंबून असतो. हा नियम मॅरिन मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६३६ साली ग्रंथरूपाने मांडला. पुरुषांचा तंबोरा स्त्रियांच्या तंबोऱ्याहून लांब असतो तो याच कारणाने. गिटारच्या तारेची लांबी साधारण २५.५ इंच, आमचा बास आखूड जातीचा, म्हणजे ३० इंचांचा. गिटारचीच तार त्याच सुरास येथे चढविली तर ताण सुमारे ३८ टक्के वाढतो व बारीक तार तुटण्याची भीती असते. तीच तार मंद्र पंचमावर उतरविली तर ताण मूळच्या सुमारे ७८ टक्केच राहतो व ती सैल पडते. म्हणून तारा किंचित जाड घ्याव्या लागतात. नववीच्या मुलांनी हे गणित फळ्यावर स्वतः सोडविले. सहा नव्या तारांची एकूण ओढ सुमारे ११५ पौंड निघाली. बासच्या चार तारांची सुमारे १३५ पौंड असते. अर्थात दांडी हा भार सहज पेलणार होती.

गणित कागदावर सुटले, तरी लाकडास करवत लावणे निराळे. ते वाद्य एका मातेची ठेव होती. आम्ही त्यांच्या घरी गेलो व काय बदलेल, काय बदलणार नाही, हे सांगितले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्याच्या हातची लाकडाची झीज तेवढी पुसू नका.” ही अट आम्ही शिरोधार्य मानली. वाद्याच्या अंगास कानस लावली नाही की रंगही दिला नाही.

एका विद्यार्थ्याचे वडील सुतार आहेत. काम त्यांनी केले. बासच्या जाड खुंट्यांची भोके त्यांनी शिसवी गुट्ट्यांनी बुजविली आणि सहा नव्या खुंट्या चार एका बाजूस व दोन दुसऱ्या बाजूस बसविल्या. शेंड्याकडे दांडी ४२ मिलिमीटर रुंद. दोन्ही कडा सोडून उरलेल्या ३५ मिलिमीटरांत पाच अंतरे, म्हणजे प्रत्येकी ७ मिलिमीटर. जुन्या पिकअपमधील लोहचुंबके चार तारांखाली येत. म्हणून अखंड पट्टीचे पिकअप घातले. घोडी सहा तारांची आणली. तारांची ओढ घटल्याने दांडी मागे वाकू नये म्हणून तिच्यातील पोलादी सळई पाव-पाव फेरा सैल केली. अखेरीस बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर वरच्या सप्तकाशी तंतोतंत जुळेपर्यंत घोडीवरील प्रत्येक तारेचा टेकू मागेपुढे सरकविला. जुन्या खुंट्या, घोडी व पिकअप एका पेटीत जपून ठेविले आहेत.

आता मागच्या रांगेतील मुले तिच्याभोवती बसतात. बोटांच्या ठेवणी त्याच, परंतु गाणे त्यांच्या गळ्याच्या उंचीवर आले आहे. सगळेच सुरात गातात असे नाही; पण ओठ हलवून गप्प राहणारा आता कोणी नाही. वाद्याच्या कडेस, जेथे पूर्वीच्या वादकाचा हात टेकत असे, तेथे रंग उडालेला आहे. मुलांचा हातही नेमका तेथेच टेकतो.

विद्यार्थिमित्रांनो, आवाज बदलला म्हणजे गाणे संपले असे मानू नका. पट्टी बदलावयाची असते. आणि पालकांस आमची विनंती अशी, की घरातील मूल एकाएकी गप्प झालेले दिसले, तर त्यास दोष देण्यापूर्वी त्याच्यापुढे ठेवलेला सूर त्यास झेपणारा आहे की नाही, हे आधी पाहावे.