कमवा, शिका आणि आमचा मोहल्ला

मोहल्ल्यातल्या पोराला काम शिकवावं लागत नाही. बागवानाचं पोर अक्षर गिरवायच्या आधी केळीचे घड उतरवायला शिकतं. मनियाराच्या घरची मुलगी हात बघून बांगडीचं माप सांगते. तांबोळी, अत्तार, पिंजारी, खाटीक, कुणाचंही घर घ्या, तिथं लहान हातांना काम आहेच. 'कमवा' हा शब्द आमच्या घरात फार जुना. 'शिका' हा शब्द त्या मानानं नवा. आणि या दोन शब्दांच्या मध्ये 'आणि' असू शकतो, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आमच्याकडे 'कमवा किंवा शिका' एवढंच होतं.

आम्ही म्हणजे नव्वदच्या दशकात उस्मानाबाद जिल्ह्याच्या निरनिराळ्या भागांतून शहरातल्या एका महाविद्यालयात गोळा झालेली सहा मुलं. कुणी परंड्याचा, कुणी नळदुर्गचा, कुणी कळंबचा. एक लोहाऱ्याकडचा. त्याचं घर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात गेलं होतं आणि त्याचे आईवडील पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होते. जिल्ह्याचं नाव 2023 पासून धाराशिव झालं. आमच्या गुणपत्रिकांवर उस्मानाबाद आहे, म्हणून तेव्हाचं सांगताना तेच नाव तोंडात येतं.

सहाही घरांची गोष्ट थोड्याफार फरकानं सारखी. 'कमवा किंवा शिका' हा काही आमच्या वडिलांनी हौसेनं केलेला नियम नव्हता. 1948 च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर मराठवाड्यातल्या अनेक मुस्लिम घरांत कमावता माणूसच उरला नाही. सुंदरलाल समितीनं जास्तीत जास्त मनुष्यहानी झालेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद होता. ज्या घरात बाप नाही, त्या घरात दहा वर्षांचा मुलगाच बाप होतो. आमच्या आजोबांच्या पिढीतली कितीतरी पोरं अशी शाळेच्या पायरीवरून थेट कुणाच्या तरी दुकानात गेली. पुढं निजामाच्या अमलातली उर्दू कचेरीतून गेली आणि थोडंफार शिकलेल्यांचंही शिक्षण निरुपयोगी ठरलं. "पढ के क्या मिला?" हा प्रश्न आमच्या घरात तेव्हापासून मुक्कामाला आहे. त्यात आळस नव्हता, अनुभव होता.

म्हणून बारावी झाल्यावर आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी एकच बोलणं झालं. पुण्यात मामूचं गॅरेज आहे. मुंबईत चुलत्याच्या ओळखीची बेकरी आहे. चार वर्षांत हात बसेल, पैसे घरी येतील. यात कुणाचं काय चुकलं? कॉलेजची फी कशीबशी भरता आली असती. पण खोलीचं भाडं, मेसचं बिल, पुस्तकं, एसटीचा पास यांचा हिशेब कुठंच बसत नव्हता. शिष्यवृत्ती मिळाली तरी ती वर्ष सरत आल्यावर हाती यायची. पोट मात्र रोज सकाळी मागत होतं.

अशा वेळी नोटीस बोर्डावर 'कमवा व शिका' योजनेची सूचना दिसली. अर्ज करायचा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडायचा, प्राचार्यांसमोर उभं राहायचं. निवड झाली की तास सोडून उरलेल्या वेळात रोज दोन तास काम. तासाला पाच रुपये. महिन्याला अडीचशेच्या आसपास, म्हणजे मेसचं बिल जेमतेम निघेल इतके. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण त्या अडीचशे रुपयांनी सहा मुलं पुण्याच्या गाडीतून खाली उतरली.

कामं साधीच. दोघं ग्रंथालयात, दोघं बागेत, एक प्रयोगशाळेत, एक कार्यालयात. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायचे, दाखल नोंदवहीत क्रमांक चढवायचे, कपाटं झटकायची. बागेत माळीमामांच्या हाताखाली आळी करायची, पाणी द्यायचं. प्रयोगशाळेत नळ्या आणि चंचुपात्रं धुवायची. परीक्षा आली की सगळ्यांनी मिळून बाकं वाहायची आणि त्यांवर बैठक क्रमांक चिकटवायचे. शिपाईमामा सुरुवातीला आमच्याकडे संशयानं बघत. ही पोरं आपली नोकरी तर खाणार नाहीत ना, अशी त्यांना धास्ती. पुढं तेच आम्हाला आपल्या डब्यातली भाकरी देऊ लागले.

घरी मात्र ही बातमी वेगळ्याच रूपात पोचली. नळदुर्गचे अब्बा पुढच्याच बाजारच्या दिवशी होस्टेलवर हजर. "क्या रे, कालेज में झाडू मारने वास्ते भेजा क्या तुझे? झाडूच मारना था तो अपने दुकान में क्या कम था?" आमच्या दोस्तानं त्यांना बागेत नेलं. तिथं एका पाटलाचा मुलगा आणि मातंग समाजातला एक मुलगा एकाच पाइपानं पाणी देत होते. अब्बा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ये बी करता?" जाताना त्यांनी माळीमामांना सलाम केला. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पुढं ग्रंथालयातच सापडलं. अमेरिकेतल्या गुलामीत जन्मलेला बुकर टी. वॉशिंग्टन 1872 साली हॅम्प्टनच्या शाळेत प्रवेश मागायला गेला, तेव्हा तिथल्या बाईंनी त्याला एक खोली झाडायला सांगितली. त्यानं ती इतकी लख्ख झाडली की तीच त्याची प्रवेश परीक्षा ठरली. मग त्याच शाळेत झाडलोट करून तो शिकला. 1881 पासून त्यानं टस्कीगीची संस्था उभी केली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी आपल्या इमारतींच्या विटा स्वतः पाडल्या.

एवढं लांब जायचीही गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले इथं रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. जातीधर्माची भिंत न ठेवता मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, शेतात राबत, स्वयंपाक करत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं ते 'कमवा आणि शिका' हेच तत्त्व घेऊन. आज राज्यातल्या अनेक विद्यापीठांत ही योजना आहे आणि पुण्याच्या विद्यापीठात ती कर्मवीरांच्याच नावानं चालते. भाऊरावांचा विचार सरळ होता. गरिबाच्या मुलाला शिक्षण भीक म्हणून देऊ नका. त्याच्याजवळ पैसा नाही, पण श्रम आहे. तो श्रम फी म्हणून घ्या.

आमच्यासारख्यांच्या दृष्टीनं यात आणखी एक गोष्ट होती. श्रम आमच्याजवळ पिढीजात होता. पण गॅरेजमध्ये तोच श्रम पोराला वर्गापासून तोडतो आणि कॉलेजच्या आवारात तोच त्याला वर्गाजवळ बांधून ठेवतो. बागेतून हात धुऊन थेट तासाला जाता येत होतं. तासाची घंटा झाली की माळीमामाच पाइप हातातून काढून घेत आणि म्हणत, "जा, पळ." कुठला गॅरेजवाला हे म्हणेल?

ग्रंथालयातल्या दोघांचा फायदा तर निराळाच. धूळ झटकताना पुस्तक उघडायची त्यांना मुभा होती. शेख महंमदांचा 'योगसंग्राम' त्यांना असाच एका खालच्या खणात भेटला. हमीद दलवाईंची 'इंधन' ही कादंबरीही तशीच. मराठी ही आपण शाळेपुरती वापरायची आणि घरी गेल्यावर उतरवून ठेवायची भाषा, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्यातला एक माणूस शेकडो वर्षांपूर्वी या भाषेत संत म्हणून उभा आहे, हे कुणी वर्गात सांगितलं नव्हतं. ते कपाट पुसताना कळलं.

कामाच्या वाटणीतून माणसंही कळली. जुम्याच्या दुपारी आमची पाळी बागेतले हिंदू मित्र सांभाळत. कोजागरीला ते तुळजापूरला पायी निघाले की त्यांचे दोन-तीन दिवस आमच्याकडे. त्या वर्षांत रमजान थंडीत यायचा, त्यामुळं रोजे ठेवून बागकाम फारसं जड जात नसे. तरीही पाटलाचा तो मुलगा आमच्या हातातली घमेली ओढून घ्यायचा. याच्यासाठी कुणी परिषद भरवली नव्हती. वेळापत्रक नीट बसलं पाहिजे, एवढीच गरज होती. एकत्र काम केलेल्या माणसांना एकमेकांच्या सणांच्या तारखा पाठ होतात.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. पैसे वेळेवर मिळत नसत. एका वर्षी तीन महिन्यांचे पगार अडकले. मेसवाल्यानं ताटं बंद करण्याची भाषा सुरू केली. लोहाऱ्याचा मित्र महिनाभर एकाच वेळी जेवला आणि आम्हाला म्हणत राहिला, "भूकच लागत नाही." शेवटी बागेतले, ग्रंथालयातले, सगळ्या जातीधर्मांचे पंधरा-वीस जण प्राचार्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. घोषणा नाहीत, निवेदन नाही. हजेरीची वही तेवढी सोबत नेली. तिच्यात प्रत्येक तासाची सही होती. चार दिवसांत पैसे झाले. मागणाऱ्याला थांबवता येतं, कमावलेल्याला फार काळ थांबवता येत नाही, हा धडा आम्हाला कुठल्याही पुस्तकानं दिला नसता.

पगार घेताना व्हाऊचरवर रेव्हेन्यू स्टँप लावून सही करावी लागे. आमच्या सहा घरांपैकी चार घरांतले वडील अंगठा लावणारे. कर्जाच्या कागदावर लावलेला अंगठा आम्ही पाहिला होता. पैसे घेताना केलेली सही आमच्या घरात पहिलीच होती.

पुढं 2004 साली विद्यापीठाचं उपकेंद्र उस्मानाबादेत आलं आणि एम.ए., एम.एस्सी.साठी औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, गाठण्याची सक्ती उरली नाही. याचा खरा लाभ मुलींना झाला. आमच्यापैकी एकाची धाकटी बहीण शिकत असताना याच योजनेतून काम करायची. घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. "अब फीस कौन भरेगा? शादी का खर्चा है," असं अम्मीनं म्हटलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फीस मैं भरती ना, अम्मी. मेरे पैसे हैं." भांडण नाही, रडणं नाही. त्या वाक्यानं लग्न दोन वर्षं पुढं गेलं. आज ती शिक्षिका आहे. तिच्या भावाला विचाराल तर तो सांगेल, आमच्या घरात बाईचा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा व्यवहार म्हणून ऐकला गेला.

नोव्हेंबर 2006 मध्ये सच्चर समितीनं आपला अहवाल दिला. 2001 च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता 65.1 टक्के आणि मुसलमानांची 59.1 टक्के. 6 ते 14 वयाच्या मुस्लिम मुलांपैकी 25 टक्के मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती. या आकड्यांवर खूप भाषणं झाली. आम्हाला ते आकडे वाचताना मामूचं गॅरेज आणि चुलत्याच्या ओळखीची बेकरी दिसत होती. गळालेलं पोर हवेत जात नाही, ते कुठल्या तरी कामावर जातं. त्याला कामावरून ओढून वर्गात आणणं कठीण आहे. वर्गाच्या शेजारी काम ठेवणं त्याहून सोपं आहे.

आज काळ बदलला आहे. पुण्यात शिकायला गेलेली आमच्याकडची पोरं आता रात्री मोटारसायकलवरून जेवणाची पार्सलं पोचवतात. त्यात पैसा जास्त आहे. पण तिथं तासाची घंटा वाजल्यावर पाइप हातातून काढून घेणारा माळीमामा नाही. रात्री दोनला खोलीवर आलेलं पोर सकाळी आठच्या तासाला बसत नाही. दोन सत्रांनी ते कॉलेजात येणंच थांबवतं. उलट कॉलेजांतल्या 'कमवा व शिका'च्या जागा मोजक्या, मोबदला तुटपुंजा. तो वाढावा आणि महिन्याच्या महिन्याला मिळावा, ही मागणी आपण करायलाच हवी.

पण सरकारकडे बोट दाखवून आपलं काम संपत नाही. मराठवाड्यात मुस्लिम संस्थांच्या शाळा आहेत, महाविद्यालयं आहेत, मोहल्ल्यामोहल्ल्यांत ट्रस्ट आहेत. रमजानमध्ये गरजू विद्यार्थ्यांना मदत वाटली जाते. जकातीची आपली जागा आहे आणि ती राहणारच. त्याशिवाय या संस्थांनी आपापल्या ग्रंथालयांत, कार्यालयांत, संगणक कक्षांत दहा-दहा मुलामुलींना रोज दोन तासांचं काम द्यावं. हजेरीची वही ठेवावी. महिन्याच्या पहिल्या तारखेला सही घेऊन पैसे द्यावेत. मदत घेताना पोराची मान खाली जाते आणि त्याच्या दहा पट पोरं मदत मागायलाच येत नाहीत. कामाला ती येतील. काम त्यांना येतंच.

आणि मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. पोरगं घरी येऊन म्हणालं की मी कॉलेजात झाडांना पाणी घालतो, तर संतापू नका. एकदा जाऊन बघा. त्याच्या शेजारी कोण पाणी घालतंय, तेही बघा.