विसाच्या वरचं

चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत दहावीचं संख्याशास्त्राचं प्रकरण यायचं ते ऐन कापूस वेचणीत. एकदा सरांनी गृहपाठ दिला : घरातली कुठलीही आकडेवारी घ्या आणि मध्य काढा. आमच्या घरात आकडे एकाच गोष्टीचे, मायच्या वेचणीचे.

माय किलोवर वेचायला जायची. किलोला एक रुपया. संध्याकाळी काट्यावर तोंडी पाव-अर्धा बोलला जायचा, पण वहीत पूर्ण किलोच चढायचे. मायला लिहिता येत नव्हतं. काट्यावर बोललेलं वजन मात्र ती विसरायची नाही. चुलीपुढे बसून तिने सहा दिवस सांगितले : साडेएकवीस, पावणेएकोणीस, सव्वातेवीस, साडेवीस, पावणेवीस, सव्वाबावीस.

मी २० हा गृहीत मध्य धरला आणि प्रत्येक दिवसाचा फरक मांडला : १.५, उणे १.२५, ३.२५, ०.५, उणे ०.२५, २.२५. बेरीज ६. सहा दिवसांनी भागलं, १ आलं. म्हणजे मध्य २१ आणि आठवड्याचा कापूस १२६ किलो. मी वर बघितलं तर माय बोटं मोजून बसली होती.

"सहा विसा नि वर सहा ना?" ती म्हणाली. "विसना वर कितला, तितलंच धरानं. मंग सोपं पडस."

पुस्तकातली गृहीत मध्याची रीत ती शाळेत न जाता वापरत होती.

आमच्याच तालुक्यात, पाटणादेवीजवळच्या पाटणला, १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याचा तो लेख. त्यांच्या 'लीलावती'त वाकड्यातिकड्या खड्ड्याचं एक उदाहरण आहे. लांबी तीन जागी १०, ११, १२ हात. रुंदी ६, ५, ७. खोली २, ४, ३. मापं मिळवायची, जागांच्या संख्येने भागायचं. येतात ११, ६ आणि ३. गुणाकार १९८ घनहात. मी मांडत होतो तीच ही सरासरी.

मग मायने वहीतले आकडे सांगितले : २१, १८, २३, २०, १९, २२. बेरीज १२३.

"आते सांग, मन्हा कितला कापूस बुडना?"

"तीन किलो. रोजचा अर्धा."

माय थोडा वेळ बोलली नाही. वेचायला बारा बाया होत्या. प्रत्येकीचं असंच धरलं तर आठवड्याचे छत्तीसच्या आसपास रुपये. आणि वेचणी चालायची दोन-अडीच महिने.

बाजाराच्या दिवशी मजुरी वाटताना माय माझी वही घेऊन गेली. वाचता येत नव्हती, तरी पान उघडं धरून तिने सगळ्यांसमोर वारावारी वजनं म्हणून दाखवली. बाकीच्या बायाही आपापली सांगू लागल्या. मुकादम आधी हसला, मग चिडला, मग गप्प झाला.

मागचे तीन रुपये काही मिळाले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून वहीत पाव-अर्धा चढू लागला, बाराही जणींचा.